पत्रा, शाई आणि प्रदेश : निसर्गचित्रकाराचे अम्लरेखन व मोनोटाइप

मराठीत ‘छापणे’ या क्रियापदाला एक अर्थ घट्ट चिकटलेला आहे. जे छापले जाते ते एकसारखे असते, आणि त्याची एक प्रत हरवली तर तिच्या जागी दुसरी ठेवता येते, असा तो अर्थ होय. पुस्तक, वृत्तपत्र, टपालाचे तिकीट यांच्या बाबतीत तो यथार्थच आहे. परंतु चित्रकाराने स्वतःच्या हाताने घडवलेल्या आणि स्वतःच्याच हाताने कागदावर उमटवलेल्या मुद्राचित्रांना तो लावला, की त्या कलेचे मूल्यमापन मुळातच चुकू लागते. मुद्राचित्र हे रंगचित्रापेक्षा कनिष्ठ, कारण ते अनेकांतील एक, असा समज त्यातून रूढ होतो. हा समज कितपत टिकतो हे पाहावयाचे असेल, तर निसर्गचित्रकारांच्या अम्लरेखनाकडे व त्याच्या निकटच्या मोनोटाइप या प्रकाराकडे वळणे सोयीचे ठरते. याचे कारण निसर्गदृश्याच्या स्वरूपातच आहे. डोंगर, नदी, झाड ही आपल्या जागी स्थिर असतात. प्रकाश, धुके, पाऊस व ऋतू मात्र घटकेघटकेला पालटतात. मुद्राचित्रातही एक घटक स्थिर असतो व एक चंचल. पत्रा स्थिर आणि शाई चंचल. या दोन जोड्या काही चित्रकारांनी एकमेकींशी कशा जुळवल्या, त्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

अम्लरेखनाची रीत

अम्लरेखन म्हणजे एचिंग. त्यासाठी तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेऊन त्यावर मेण, राळ व डांबरासारखा पदार्थ यांच्या मिश्रणाचा पातळ लेप देतात. या लेपावर सुईने रेखाटन केले, की जेथे जेथे सुई फिरते तेथे तेथे लेप निघून धातू उघडा पडतो. मग पत्रा अम्लात ठेवतात. अम्ल उघड्या धातूला खाते, लेपाखालच्या धातूला स्पर्श करीत नाही. पत्रा अम्लात जितका अधिक वेळ राहील, तितकी रेघ खोल होते आणि खोल रेघ अधिक शाई धरते. म्हणून चित्रकार पत्रा मधूनच बाहेर काढतो, दूरच्या टेकड्यांच्या रेघांवर रोगण लावून त्या बंद करतो आणि जवळच्या झाडांच्या रेघा आणखी खाऊ देतो. दूरचे फिकट व जवळचे गडद, हा दृश्यातील भेद अशा प्रकारे हाताच्या जोराने साधत नाही. तो अम्लातील मिनिटांनी साधतो.

येथवरचे काम पत्र्याचे. पुढचे काम ठसा काढण्याचे. लेप धुऊन टाकल्यावर पत्र्यावर दाट शाई चोळून ती रेघांत भरतात. मग खळ दिलेल्या विरळ कापडाने व शेवटी हाताच्या तळव्याने पृष्ठभागावरची शाई पुसतात. रेघांतील शाई तेवढी मागे राहते. पत्र्यावर ओलसर कागद व त्यावर लोकरी नमद्याचे थर ठेवून सर्व काही दाबयंत्राच्या दोन रुळांमधून नेले, की ओला कागद रेघांच्या खाचांत शिरतो आणि तेथील शाई उचलून आणतो. चित्र उलटे उमटते. डावीकडचे झाड उजवीकडे जाते. कागदावर पत्र्याच्या कडांचा दाब चौकटीसारखा राहतो.

या सर्व प्रक्रियेत पुसण्याची पायरी दिसावयास क्षुल्लक असली, तरी सर्व वादाचे मूळ तेथेच आहे. पत्रा पूर्ण स्वच्छ पुसला, तर पांढऱ्या कागदावर केवळ रेघा उमटतात. पुसताना शाईचा विरळ थर मागे ठेवला, तर त्याच रेघांवर संधिप्रकाश पसरतो. आकाशाचा भाग पुसून जमिनीवर शाई ठेवली तर वेळ एक, याच्या उलट केले तर वेळ दुसरी. म्हणजे पत्रा अम्लातून बाहेर आला तेव्हा चित्र पुरे झाले असे म्हणता येत नाही. प्रत्येक ठशाच्या वेळी त्याचा काही अंश नव्याने ठरत असतो. बहुतेक मुद्रक हा अंश शक्य तितका कमी करून सर्व ठसे सारखे ठेवण्याची खटपट करतात. काही थोड्या चित्रकारांनी याच्या उलट तो अंश शक्य तितका वाढवला. त्यांतला पहिला मोठा चित्रकार म्हणजे हॉलंडचा हेर्क्युलेस सेगर्स.

सेगर्सचे ठसे

सेगर्सचा जन्म १५८९-९० च्या सुमारास झाला. ॲम्स्टरडॅम येथे खिलिस फान कोनिंक्सलो या निसर्गचित्रकाराकडे त्याचे शिक्षण झाले आणि १६१२ साली हार्लेमच्या चित्रकार-संघात त्याची नोंद झाली. १६१९ मध्ये त्याने ॲम्स्टरडॅममध्ये लिंडनग्राख्ट या कालव्यावर घर घेतले. कर्जापायी ते त्याला १६३१ साली विकावे लागले. पुढे तो उत्रेख्त व नंतर हेग येथे राहिला आणि १६३८ पर्यंत त्याचा मृत्यू झालेला होता. त्याच्या पन्नासाहून थोड्या अधिक पत्र्यांचे मिळून सुमारे १८० ठसे आज शिल्लक आहेत. त्यांतील सर्वांत मोठा संग्रह ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

या ठशांकडे पाहताना प्रथम जाणवते ते असे, की एकाच पत्र्याचे दोन ठसे शेजारी ठेवले तरी ते एकाच प्रदेशाचे आहेत हे ओळखण्यास क्षणभर थांबावे लागते. सेगर्स काळ्या शाईबरोबर निळी, हिरवी अशी रंगीत शाई वापरी. कागदही तो आधी रंगवून घेई. काही ठिकाणी त्याने गडद रंगवलेल्या कागदावर फिकट शाईने ठसा काढला आहे. राइन्सबुर्ख येथील मठाचे भग्नावशेष असे रात्रीतून उजळून वर आल्यासारखे दिसतात. काही ठसे त्याने कापडावर काढले. काहींवर ठसा निघाल्यानंतर कुंचल्याने रंग चढवला. ओल्या ठशावर दुसरा कागद दाबून त्याने उलट प्रतिठसेही घेतले. तसेच, ठशाच्या कडा कापून त्याने एकाच दृश्याला निराळी चौकट दिली. म्हणजे पत्रा, शाई, कागद, रंग व कात्री या पाचही ठिकाणी त्याने निर्णय राखून ठेवला होता.

रेघ काढण्याच्या रीतीतही तो असाच स्वतंत्र होता. कुंचल्याने साखरमिश्रित द्रवासारख्या विरघळणाऱ्या पदार्थाने चित्र काढावे, त्यावर लेप द्यावा आणि पत्रा पाण्यात ठेवावा, म्हणजे चित्रित भागावरचा लेप फुगून सुटतो व कुंचल्याचा फटकारा जसाच्या तसा अम्लाला उघडा पडतो. या तत्त्वावर चालणारी रीत सेगर्सने साध्य केली होती. युरोपीय चित्रकारांच्या हाती ती पुन्हा दिसू लागली ती सुमारे दीडशे वर्षांनंतर. शेवाळाने लदलेल्या झाडाचे त्याचे प्रसिद्ध मुद्राचित्र या रीतीचे उदाहरण होय. त्याचा आज केवळ एकच ठसा उपलब्ध आहे. पत्र्यावरून अनेक ठसे काढता येत असूनही हे चित्र व्यवहारतः एकमेव ठरले आहे.

आर्थिक ओढगस्तीच्या खुणाही या ठशांत सापडतात. सेगर्सने एका मोठ्या पत्र्यावर जहाज रेखाटले होते. पुढे तो पत्रा कापून त्याच्या तुकड्यांवर त्याने डोंगरदऱ्यांची दृश्ये काढली. जुन्या रेघा पुरत्या घोटल्या न गेल्याने त्यांतील काही दृश्यांच्या आकाशात जहाजाचे दोरखंड आजही दिसतात. हॉलंडची भूमी सपाट. सेगर्सच्या पत्र्यांवरचे उघडेबोडके खडक व कोरड्या दऱ्या त्याने प्रत्यक्ष पाहिल्याचा पुरावा नाही. त्याने कल्पनेतून एक भूमी घडवली आणि प्रत्येक ठशात तिला नवे हवामान दिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

रेम्ब्रांटचा शिष्य सॅम्युएल फान होगस्ट्राटन याने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रकलेवरील ग्रंथात सेगर्सची कहाणी सांगितली आहे. सेगर्सने घरातील सदरे व चादरी ठसे काढण्यासाठी संपवल्या, त्याचे ठसे दुकानदारांनी लोणी व साबण बांधावयास वापरले आणि अखेर दारूच्या नशेत जिन्यावरून पडून तो मेला, असा तिचा आशय आहे. ही कहाणी सेगर्सच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी लिहिलेली असून उपेक्षित प्रतिभावंताचा नमुना रंगवण्याचा तिचा रोख उघड आहे. म्हणून ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तथापि ती सर्वस्वी टाकूनही देता येत नाही, कारण कापडावरील ठसे आज डोळ्यांसमोर आहेत. होगस्ट्राटनने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. सेगर्स चित्रेच छापीत असे, असे तो म्हणतो. त्या काळी रंगचित्र व मुद्राचित्र या दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या जात असताना हे निरीक्षण फार मार्मिक आहे.

पत्र्यातील भूमी

सेगर्सचे मोल ज्याने ओळखले तो रेम्ब्रांट होय. १६५६ साली रेम्ब्रांटच्या मालमत्तेची जी यादी करण्यात आली तीत सेगर्सची आठ रंगचित्रे नोंदलेली आहेत. शिवाय सेगर्सचा एक पत्राही त्याच्याकडे आला होता. त्यावर टोबायस व देवदूत हे प्रवासी एका विस्तीर्ण निसर्गदृश्याच्या पुढे चाललेले होते. १६५३ च्या सुमारास रेम्ब्रांटने या दोन आकृती घोटून काढल्या आणि त्यांच्या जागी इजिप्तकडे पळून जाणारे मेरी, योसेफ व बालक हे कुटुंब रेखाटले. भोवतीची झाडीही त्याने बदलली. परंतु डावीकडचा दूरवर पसरलेला प्रदेश त्याने सेगर्सचाच ठेवला. नीट पाहिल्यास नव्या झाडांच्या पानांत देवदूताच्या पंखाच्या रेघा अद्याप दिसतात.

या उदाहरणाने पत्र्याचे स्वरूप स्पष्ट होते. पत्रा हा भूमीसारखा असतो. तिच्यावरून येणारे जाणारे बदलतात, त्यांच्या खुणा काही काळ राहतात, भूमी तीच राहते. मात्र रेम्ब्रांटने येथे जो बदल केला तो पत्र्यातच केला, आणि पत्र्यातील बदल पुढच्या सर्व ठशांना लागू होतो. यास त्या मुद्राचित्राची ‘अवस्था’ असे म्हणतात. सेगर्सच्या रंगीत ठशांमधील फरक अवस्थांचे नव्हेत. ते एकेका ठशापुरते आहेत. अभ्यासकाने या दोहोंत गल्लत करता कामा नये.

शाईतील हवामान

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये अम्लरेखनाला पुन्हा बहर आला. १८६२ साली पॅरिसमध्ये अम्लरेखकांची संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास तांब्याच्या पत्र्यावर विद्युत्‌क्रियेने लोखंडाचा सूक्ष्म थर चढवण्याची युक्ती प्रचारात येऊन एका पत्र्यावरून पुष्कळ ठसे न झिजता निघू लागले. एकसारख्या ठशांची शक्यता अशी वाढत असतानाच लुदोविक लपिक या निसर्ग व समुद्रदृश्यांच्या चित्रकाराने उलट दिशेचा प्रयोग केला. शेल्ड नदीच्या काठाचे एक रुंद, साधे दृश्य त्याने पत्र्यावर कोरले आणि त्या एकाच पत्र्यावरून ८५ निरनिराळी दृश्ये काढली. पत्र्याच्या रेघा बदलल्या नाहीत. शाई मात्र त्याने प्रत्येक वेळी चिंधीने व कुंचल्याने निराळी पसरली. त्यामुळे एका ठशात चंद्रोदय आहे, एकात बर्फ, एकात पाऊस, तर एकात पवनचक्कीला लागलेली आग. पत्र्यावर जी झाडे मुळीच नाहीत, तीही काही ठशांत शाईने उभी केली आहेत. या रीतीला त्याने ‘चल अम्लरेखन’ असे नाव दिले आणि १८७६ साली तिच्यावर लेखही लिहिला.

या रीतीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. अम्लरेखनाचे सामर्थ्य रेघेत आहे. शाईच्या लपवाछपवीने दुबळी रेघ झाकता येते आणि चित्रकाराचे काम मुद्रकाच्या कसबात बुडून जाते, असा तो आक्षेप. त्यात तथ्य आहे. लपिकच्या मूळ पत्र्यात फारसे काही नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु त्याने सिद्ध केलेली गोष्ट या आक्षेपाने पुसली जात नाही. नदीकाठ तोच ठेवून केवळ शाईने वेळ व ऋतू पालटता येतात, हे त्याने पंच्याऐंशी वेळा दाखवून दिले. सेगर्सच्या बाबतीत तर हा आक्षेप लागूच पडत नाही, कारण त्याची रेघ स्वच्छ पुसलेल्या ठशातही समर्थ आहे.

लपिकच्या प्रयोगात एक प्रश्न अध्याहृत होता. शाई इतके करू शकत असेल, तर पत्र्यावर रेघ हवी तरी कशाला?

मोनोटाइप

रेघ अजिबात नसलेल्या पत्र्यावर शाईने वा रंगाने चित्र काढून त्याचा ठसा घेणे म्हणजे मोनोटाइप. त्याच्या दोन रीती आहेत. स्वच्छ पत्र्यावर कुंचल्याने चित्र रंगवावे, ही एक. सगळा पत्रा शाईने माखून चिंधी, काडी वा बोट यांनी उजेडाचे भाग पुसून काढावेत, ही दुसरी. कागद दाबला, की बहुतेक शाई त्यावर जाते. पत्र्यावर उरलेल्या शाईचा फार तर आणखी एक फिकट ठसा निघतो, आणि मग पत्रा कोरा होतो. हे तंत्र प्रथम वापरले ते जेनोआच्या जोव्हानी बेनेदेत्तो कास्तिल्योने (१६०९–१६६४) याने, १६४० नंतरच्या दशकात. त्यानंतर ते दीर्घकाळ मागे पडले. पुढे लपिकनेच ते आपला मित्र एद्गार देगा याला दाखवले. देगाच्या पहिल्या मोनोटाइपवर, म्हणजे नृत्यशिक्षकाच्या चित्रावर, दोघांच्याही सह्या आहेत.

देगाची ख्याती नर्तकींच्या चित्रांसाठी आहे. उघड्यावर बसून निसर्गदृश्ये रंगवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांची तो थट्टा करी. असे असता त्याने वयाच्या छपन्नाव्या वर्षी निसर्गदृश्यांची एक संपूर्ण मालिका मोनोटाइपमध्ये केली. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात तो शिल्पकार बार्तोलोमे याच्यासह एका घोड्याच्या हलक्या गाडीतून पॅरिसहून बर्गंडीतील दिएने या गावी निघाला. तेथे जॉर्ज जानियो या चित्रकाराचे घर व दाबयंत्र होते. वाटेत डोळ्यांसमोरून गेलेली शेते, टेकड्या व रस्ते देगाने तेथे स्मरणातून पत्र्यावर उतरवले. जानियोने लिहून ठेवलेल्या आठवणींत देगा बोटांनी रंग सारीत असल्याचे वर्णन आहे. या मालिकेत त्याने काळ्या शाईऐवजी तैलरंग वापरले आणि पुष्कळ ठशांवर पेस्टलने काम केले. १८९२ साली पॅरिसमध्ये द्युराँ-र्‍यूएल यांच्या दालनात ही दृश्ये मांडण्यात आली.

या ठशांत गावाचे नाव सांगणारी खूण नाही, झाडाची जात ओळखू येत नाही. हिरवट पट्टा, तांबूस चढण, धुक्यात विरणारी कड एवढेच काय ते उमटले आहे. धावत्या गाडीतून पाहिलेला प्रदेश स्मरणात जसा उरतो, तसा तो येथे आहे. रंग दाबाखाली सरकतो, त्याच्या कडा फुटतात, आणि ठसा नेमका कसा येईल हे कागद उचलेपर्यंत चित्रकारालाही पूर्णतः ठाऊक नसते. सेगर्सच्या पत्र्यात भूमी पक्की होती व हवामान बदलत होते. देगाच्या पत्र्यावर भूमीच उरलेली नाही. उरले आहे ते केवळ हवामान, आणि तेही एकदाच येणारे.

अभ्यासाच्या दृष्टीने

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा, की अम्लरेखन व मोनोटाइप यांच्यामध्ये तटबंदी नाही. एका टोकास स्वच्छ पुसलेला, एकसारखा ठसा आहे, दुसऱ्या टोकास एकमेव मोनोटाइप. सेगर्स व लपिक हे त्यांच्या दरम्यान उभे आहेत. म्हणून कोणत्याही मुद्राचित्राबद्दल विधान करताना ते पत्र्याविषयी आहे की ठशाविषयी, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. रचना, रेघ व अवस्था या पत्र्याच्या गोष्टी. प्रकाश, रंग व वातावरण या पुष्कळदा एकेका ठशाच्या गोष्टी. सेगर्सच्या एखाद्या दृश्यात उदासीनता आहे असे म्हणणाऱ्याने ती कोणत्या ठशात आहे हे सांगावयास हवे, कारण त्याच पत्र्याचा दुसरा ठसा प्रसन्न असण्याचा संभव असतो.

भारतातील विद्यार्थ्याला ही मुद्राचित्रे बहुधा ग्रंथांतील छायाचित्रांतूनच भेटतात, आणि ग्रंथात एका पत्र्याचा बहुधा एकच ठसा दिलेला असतो. ही मर्यादा ध्यानात ठेवून शक्य तेथे एकाच पत्र्याच्या अनेक ठशांची छायाचित्रे एकत्र पाहावीत. प्रत्यक्ष ठसा हाताशी असेल तर तिरप्या प्रकाशात काही गोष्टी तपासता येतात. अम्लरेखनातील रेघेची शाई कागदावर किंचित उचललेली असते. मोनोटाइपमध्ये खाच नसल्याने शाई सपाट बसते आणि तीत कुंचल्याचे, कापडाचे वा बोटाचे वळ दिसतात. पत्र्याच्या कडेचा दाब मात्र दोहोंतही असू शकतो, तेव्हा केवळ त्यावरून निर्णय करू नये. फिकट ठसा दिसल्यास तो झिजलेल्या पत्र्याचा की मोनोटाइपचा दुसरा ठसा, हेही विचारावे.

२०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात देगाच्या मोनोटाइपांचे आणि त्याच वर्षी राइक्सम्युझियममध्ये सेगर्सचे मोठे प्रदर्शन भरले. सेगर्सच्या प्रदर्शनात एका पत्र्याचे विखुरलेले ठसे शेजारी शेजारी पाहता आले, आणि त्याच्या कामाचा खरा आवाका अशा वेळीच समजतो. उरलेले ठसे ही त्याच्या पत्र्यांची संपूर्ण साक्ष मात्र नव्हे. लोणी व साबण बांधल्याची कहाणी अक्षरशः खरी असो वा नसो, बरेच ठसे नष्ट झाले असावेत यात संशय नाही. इतर मुद्राचित्रांचा एक ठसा नष्ट झाला तर दुसऱ्यावरून त्याची कल्पना येते. सेगर्सच्या नष्ट झालेल्या ठशात डोंगर कोणता होता, हे शिल्लक ठशांवरून सांगता येईल. त्या डोंगरावर पहाट होती की रात्र, हे सांगता येणार नाही.